एकच स्टॅटिक आयपी, आत तीन वेब सर्व्हर: फायरवॉलमधून वाट कशी काढायची?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या युनिटमध्ये संगणकाचं सगळं मी बघतो. ब्रॉडबँडवर एक स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) आहे, त्याच्या आत फायरवॉल (आत-बाहेरची ये-जा रोखणारा डबा) आणि त्याच्या आत तीन सर्व्हर. १९२.१६८.१०.११ वर विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर डीलर लोकांचं ऑर्डर पोर्टल. १२ वर उबुंटू, त्यावर कामगारांची हजेरी आणि पगार. १३ वर मालाच्या तपासणीचे दाखले, जे खरेदीदार डाउनलोड करून घेतात. शिवाय सीसीटीव्हीचा डीव्हीआर आहेच.

४४३ पोर्ट (सुरक्षित वेबसाइटचा ठरलेला दार क्रमांक) फॉरवर्ड करून, म्हणजे त्यावर येणारं सगळं आत वळवून, ऑर्डर पोर्टलला दिलाय. हजेरीला ८४४३ आणि दाखल्यांना ९४४३. त्रास असा की खरेदीदार पत्त्यापुढे ९४४३ टाकायला विसरतात आणि मग फोन येतो की तुमची साइट बंद आहे. काहींच्या ऑफिसातून ८० आणि ४४३ सोडून दुसऱ्या पोर्टवर बाहेर जायलाच बंदी आहे, त्यांचं तर उघडतच नाही.

डोमेनला तीन उपनावं करून तिन्ही याच आयपीवर लावून बघितली. कुठलंही नाव टाका, ऑर्डर पोर्टलच उघडतं. फायरवॉलमध्ये ४४३ चा दुसरा नियम टाकला तर वरचाच लागू होतो, खालच्यापर्यंत काही पोचतच नाही. नाव बघून वेगवेगळ्या सर्व्हरकडे पाठवायची सोय असते का? असली तर कशी करायची?

धुळेकर:
आणखी दोन आयपी घ्या. विषय संपला.

भुसावळ_जंक्शन:
धुळेकर, आयपी काय पोळ्याच्या बाजारात मिळतात का? :) आयपीव्ही४ च्या पत्त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपला. आता प्रत्येक जादा आयपीला दर वर्षी पैसे मोजा, आणि उद्या चौथा सर्व्हर आला की परत अर्ज करा. तीन वेबसाइटसाठी तीन आयपी ही सोय नाही, खर्च आहे.

गिरणाकाठची:
तापीभाऊ, सोय आहे, आणि तुमच्याकडे जे सामान आहे त्यातच होईल. आधी अडतंय कुठे ते सांगते.

पोर्ट फॉरवर्डिंगला नाव कळत नाही. पाकीट (डेटाचा तुकडा) आलं की फायरवॉल त्यावरचा आयपी आणि पोर्ट बघतो आणि ठरलेल्या मशीनकडे ढकलतो. तुमची तिन्ही उपनावं डीएनएसने (नावाचा आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेने) एकाच आयपीत बदलली, पोर्टही तोच ४४३. फायरवॉलच्या लेखी तिघंही एकच. म्हणून पहिला नियम लागतो आणि दुसऱ्याची पाळी येत नाही. डीएनएसमधली साधी नोंद, म्हणजे ए रेकॉर्ड, फक्त आयपी सांगतो, पोर्ट सांगत नाही, त्यामुळे डीएनएसमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुटणार नाही.

नाव असतं, पण आतल्या मजकुरात. ब्राउझर पान मागतो तेव्हा होस्ट नावाची एक ओळ पाठवतो, त्यात पूर्ण नाव असतं. एचटीटीपी १.१ पासून, म्हणजे १९९७ पासून, ती ओळ सक्तीची आहे. एचटीटीपीएसमध्ये मजकूर कुलुपात असतो, पण टीएलएसची, म्हणजे त्या कुलुपाची, बोलणी सुरू होतानाच ब्राउझर कुठल्या नावाशी बोलायचंय ते सांगतो. त्याला एसएनआय म्हणतात, २००३ पासूनचं आहे.

म्हणजे तुम्हाला नाव वाचणारा कुणीतरी मध्ये हवा. तो म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ फक्त त्या एका मशीनला द्या. ते मशीन नाव वाचेल आणि ११, १२ किंवा १३ कडे स्वतः जाऊन पान आणून देईल. एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी, कॅडी, अपाची, कुठलंही घ्या. सगळे फुकट आहेत. जुना पीसी, चार जीबी रॅम, त्यावर उबुंटू, एवढ्यावर तीन साइट आरामात चालतील.

चोपडेकर:
ताई, माझ्यासारख्या हिशेबातल्या माणसाला कळेल असं सांगू का? जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या येतात. गेट एकच. गेटवरचा कारकून बिल्टी वाचतो आणि सांगतो, तू तीन नंबरच्या शेडला जा. बिल्टी न वाचता सगळ्या गाड्या एक नंबरला सोडणारा वॉचमन म्हणजे सध्याचा फायरवॉल. बरोबर का?

गिरणाकाठची:
अगदी बरोबर. आणि ज्याच्याकडे बिल्टीच नाही त्याला कारकुनाने आत सोडायचं नाही, हेही त्यात धरा. नुसता आयपी टाकून येणारे बहुतेक सगळे दारं चाचपणारे बॉट असतात. एनजिनएक्समध्ये एक डिफॉल्ट सर्व्हर करा आणि त्यात ४४४ परतवा. तो उत्तर न देता जोडणी तोडतो.

अमळनेरची_सई:
+१. आते बराबर समजनं!

रावेर_केळीपट्टा:
वेगळी नावं कशाला? एकच डोमेन ठेवा आणि पुढे तिरकी रेघ देऊन ऑर्डर, हजेरी, दाखले असं करा. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही एकच लागेल.

गिरणाकाठची:
रावेरदादा, दिसायला छान आहे, पण चालवताना रडवतं. आतल्या सॉफ्टवेअरला वाटत असतं की आपण डोमेनच्या मुळावरच (तिरक्या रेघेआधी) बसलोय. ते पानात लिहितं की चित्र मुळाखालच्या फोल्डरमधून आणा. ब्राउझर ते मुळाकडे मागतो, तिथे ऑर्डर पोर्टल बसलेलं. हजेरीचं पान रंगाविना उघडतं, कुकीजची सरमिसळ होते. सॉफ्टवेअर स्वतः लिहिलेलं असेल तर दुरुस्त करता येतं. विकत घेतलेलं असेल तर वेगळं उपनावच घ्या.

पोर्ट_ऐंशी:
तापीकाठ यांनी फायरवॉल कुठला ते सांगितलं नाही. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर असेल तर एचएप्रॉक्सीचं पॅकेज त्यातच टाकता येतं, वेगळा पीसी नको. मी तेच चालवतो. फ्रंटएंड (बाहेरचं तोंड) एक, त्यात होस्ट जुळण्याच्या तीन अटी, प्रत्येक अटीला एक बॅकएंड (आतला सर्व्हर).

भुसावळ_जंक्शन:
ऐंशी, इथे मात्र माझं जमत नाही. फायरवॉलने फायरवॉलचंच काम करावं. वेबची लाखो ओळींची सॉफ्टवेअरं त्याच्या पोटात भरली की त्यातलं एखादं भोक थेट वेशीच्या दारात पडतं. प्रॉक्सी वेगळ्या मशीनवर ठेवा, तेही डीएमझेडमध्ये, म्हणजे आतल्या नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या सबनेटवर. बाहेरून प्रॉक्सीपर्यंत फक्त ८० आणि ४४३. प्रॉक्सीकडून आत फक्त त्या तीन आयपींच्या त्या तीन पोर्टांना परवानगी. प्रॉक्सी उद्या कुणी फोडला तरी पगाराच्या मशीनच्या बाकी पोर्टांना हात लागत नाही.

पोर्ट_ऐंशी:
तत्त्व मान्य. पण ज्या ऑफिसात एकच माणूस प्रिंटरची शाईही भरतो आणि फायरवॉलही बघतो, तिथे दोन मशीन वेळेवर अपडेट करणं होत नाही. अपडेट केलेला एकच डबा अपडेट न केलेल्या दोन डब्यांपेक्षा बरा.

तापीकाठ:
ऐंशीदादा, शाई मीच भरतो :) फायरवॉल तयार कंपनीचा आहे, त्यात पॅकेज टाकता येत नाही. एक जुना पीसी मोकळा आहे, त्यावर एनजिनएक्स लावतो. फायरवॉलला तिसरं पोर्ट रिकामं आहे, ते डीएमझेडला देतो.

शिरपूरकर:
मनाबी हाऊच प्रश्न व्हता. पण माझं पोर्ट फॉरवर्डच चालत नाही. नियम बरोबर, सर्व्हर चालू, बाहेरून काहीच येत नाही. वैतागलो.

धुळेकर:
शिरपूरकर, राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. १०० पासून सुरू होतो का? १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीने एक खरा आयपी शेकडो गिऱ्हाइकांत वाटलाय. २०१२ मध्ये तो पट्टा खास यासाठीच राखून ठेवला गेला. तुम्ही तुमच्या राउटरवर काहीही उघडा, वरचं दार तुमच्या हातात नाही. एक तर त्यांच्याकडून स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर टनेल.

शिरपूरकर:
१००.७८ आहे! एवढे दिवस राउटरला शिव्या देत होतो. धन्यवाद धुळेकर.

मुक्ताईनगरकर:
टनेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल वापरतो. आतलं मशीन स्वतःहून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. नावानुसार वाटणीही तिथेच होते. तापीकाठांनी पीसीचा खटाटोप कशाला करायचा?

भुसावळ_जंक्शन:
मुक्ताईनगरकर, सोय आहे हे खरं. पण कुलूप त्यांच्याकडे उघडतं. डीलरचे भाव, कामगारांचे पगार असं सगळं तिसऱ्याच्या मशीनवर उघडं होऊन पुढे जातं. सीजीनॅटमागे अडकलेल्याला दुसरा उपाय नसेल तर ठीक. स्टॅटिक आयपी हातात असताना मी दार स्वतःकडे ठेवेन.

मुक्ताईनगरकर:
आमच्या केळी ग्रुपच्या साइटवर भाव आणि फोटो सोडून काही नाही, म्हणून मला चालतं. पगाराचं मीही ठेवणार नाही.

तापीकाठ:
झालं! लिहून ठेवतो, पुढच्याला उपयोगी पडेल.

एनजिनएक्समध्ये तीन सर्व्हर ब्लॉक केले, प्रत्येकात सर्व्हर नेम वेगळं आणि प्रॉक्सी पासमध्ये आतला आयपी. तिन्ही नावं आपापल्या जागी जातायत. तीन अडचणी आहेत.

पहिली, ऑर्डर पोर्टलला लॉगिन केलं की पत्त्याच्या जागी १९२.१६८.१०.११ येतो आणि बाहेरच्याचं पान अडकतं. दुसरी, ऑफिसच्या आतून तिन्ही नावं उघडत नाहीत, मोबाइलच्या नेटवर उघडतात. तिसरी, हजेरीच्या लॉगमध्ये प्रत्येक जण १७२.१६.५.२ वरून आलेला दिसतो. तो तर माझ्या प्रॉक्सीचाच आयपी.

गिरणाकाठची:
मस्त! तिन्ही अडचणी ठरलेल्या आहेत, प्रत्येकाला येतात.

पहिली: एनजिनएक्स आपण सांगितलं नाही तर होस्टच्या ओळीत प्रॉक्सी पासमधला पत्ताच आत पाठवतो. आयआयएसला वाटतं की लोक मला १९२ वाल्या पत्त्याने हाक मारतात, म्हणून तो तिकडेच परत पाठवतो. प्रॉक्सी सेट हेडर वापरून मूळ होस्ट पुढे द्या. सोबत एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये एचटीटीपीएस असल्याचं कळवा. नाहीतर आतल्या सॉफ्टवेअरला वाटेल की कुलूप नाही, ते एचटीटीपीएसकडे पाठवेल, प्रॉक्सी पुन्हा साध्यानेच विचारेल आणि ब्राउझर गरागरा फिरत राहील.

दुसरी: आतला संगणक बाहेरचा आयपी विचारतो, पाकीट फायरवॉलपर्यंत जातं आणि पुष्कळ फायरवॉल ते वळवून परत आत आणत नाहीत. हेअरपिन नॅट किंवा नॅट रिफ्लेक्शन चालू करता येतं. पण मी म्हणेन, ऑफिसच्या डीएनएसमध्येच तिन्ही नावं प्रॉक्सीच्या आतल्या आयपीवर लावा. आतून विचारलं की आतला पत्ता, बाहेरून विचारलं की बाहेरचा.

तिसरी: खरा आयपी एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये घालून पाठवा आणि आतल्या सर्व्हरला सांगा की ही ओळ फक्त १७२.१६.५.२ कडून आली तरच खरी मान. कुणाचंही ऐकायला लावलं तर बाहेरचा माणूस हवा तो आयपी त्यात लिहून पाठवेल.

भुसावळ_जंक्शन:
तिसरी अडचण कागदोपत्रीही महत्त्वाची आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. प्रत्येक ओळीत प्रॉक्सीचाच आयपी असेल तर तो लॉग दाखवून काय उपयोग? आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) लावा, तेही त्याच निर्देशांत आहे. दोन मशीनच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक पडला की तपास करणाऱ्याचं डोकं फिरतं.

अमळनेरची_सई:
सर्टिफिकेटचं कुणी बोललंच नाही. प्रॉक्सीवर एकदाच लावायचं ना? लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं.

पोर्ट_ऐंशी:
हो, प्रॉक्सीवर. ते ९० दिवस चालतं, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असंच बसवा. साध्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्टवाले ८० पोर्टवर येऊन नाव तुमचंच आहे का ते तपासतात. त्यामुळे ८० बंद करू नका, तिथून बाकीच्यांना ४४३ कडे वळवा. तिन्हींना एकच वाइल्डकार्ड (सगळ्या उपनावांना चालणारं) सर्टिफिकेट हवं असेल तर तपासणी डीएनएसमधून होते. मुदत संपत आल्याची ईमेल त्यांनी २०२५ च्या जूनपासून बंद केली आहे, तेव्हा लक्ष आपणच ठेवायचं. विकतच्या सर्टिफिकेटची मुदतही घटत चाललीय. २०२९ च्या मार्चपासून जास्तीत जास्त ४७ दिवस. हाताने लावायचे दिवस गेले.

रावेर_केळीपट्टा:
प्रॉक्सीवर कुलूप उघडल्यावर आत साध्या एचटीटीपीने जातं. पगाराचं आहे. मग क्लाउडफ्लेअरचं नको म्हणताना जो मुद्दा काढला तो इथे कुठे गेला?

भुसावळ_जंक्शन:
रास्त प्रश्न. प्रॉक्सी आपल्या खोलीत आहे, हा एक फरक. तरीही पगाराचं आतही कुलुपातूनच न्यावं, प्रॉक्सी ते १२ हा टप्पाही एचटीटीपीएस ठेवावा. दुसरी वाट म्हणजे प्रॉक्सीने कुलूप उघडायचंच नाही. एसएनआयमधलं नाव वाचायचं आणि पाकीट जसंच्या तसं आत द्यायचं. एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये हे करतो, एनजिनएक्समध्ये स्ट्रीमचा एसएसएल प्रीरीड आहे. पण मग सर्टिफिकेट प्रत्येक सर्व्हरवर वेगळं लावावं लागतं आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर घालता येत नाही.

चोपडेकर:
म्हणजे बिल्टी वाचायची, ताडपत्री सोडायची नाही.

सावद्याचा_आबा:
मंडळी, सगळं वाचलं. डीव्हीआरचं काय? पहिल्या पोस्टमध्ये तो होता, नंतर सगळे विसरले. आमच्याकडे कोल्ड स्टोरेजला कॅमेरे आहेत, लावणाऱ्याने पोर्ट उघडून दिलं आणि गेला. पासवर्ड आला तसाच होता. त्यालाही प्रॉक्सीमागे टाकू का?

गिरणाकाठची:
आबा, बरं झालं विचारलंत. नका टाकू. उघडलेलं पोर्ट आजच बंद करा आणि पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने) असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीच्या मूळ पासवर्डने ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला. अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट तेव्हा बंद पडल्या. प्रॉक्सी नाव वाचतो, पण डीव्हीआरच्या आतलं कच्चं सॉफ्टवेअर पक्कं करत नाही. कॅमेरे मालकाला आणि तुम्हाला बघायचे आहेत, सगळ्या जगाला नाही. वायरगार्ड व्हीपीएन (बाहेरून ऑफिसात यायची खासगी, कुलूपबंद वाट) लावा, फोनवर त्याचं अ‍ॅप मिळतं.

धुळेकर:
टॅलीचंही तेच. आमच्या ओळखीच्या एका तेल गिरणीत घरून टॅली बघायला म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ उघडं ठेवलं होतं. एका सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशाची मागणी. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला चोवीस तास लावलेली, तीही गेली. पोर्ट नंबर बदलून काही होत नाही, स्कॅनर सगळे नंबर चाळतात. वेबसाइट प्रॉक्सीमागे, बाकी सगळं व्हीपीएनमागे.

सावद्याचा_आबा:
बंद केलं. पोराला बसवून पासवर्डही बदलला. ताई, सावद्याला या, भरीत-भाकरी माझ्याकडे.

गिरणाकाठची:
आबा, थंडीत नक्की. बामणोदची वांगी हवीत मात्र.

भुसावळ_जंक्शन:
भरिताला मीपण. आणि तापीकाठ, तो जुना पीसी कुठे ठेवलाय? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर आधी पंखा साफ करा, सीपीयूवरची पेस्ट बदला. आणि यूपीएस फायरवॉल, स्विच आणि प्रॉक्सी तिघांना द्या. लाइट गेली की आतले तिन्ही सर्व्हर जिवंत आणि गेट बंद, असं होऊ देऊ नका.

तापीकाठ:
प्रॉक्सी ऑफिसात एसीखाली हलवला, यूपीएसवर आहे. तिन्ही अडचणी गिरणाताईंनी सांगितल्याप्रमाणे सुटल्या. दोन नवीन: दाखल्यांच्या मोठ्या पीडीएफ अपलोड करताना ४१३ एरर येतो. आणि वर्षाचा हजेरी अहवाल काढताना ५०४.

पोर्ट_ऐंशी:
४१३ म्हणजे एनजिनएक्सची अपलोडची मर्यादा, मुळात १ एमबी. क्लायंट मॅक्स बॉडी साइज वाढवा, फक्त दाखल्यांच्या ब्लॉकमध्ये. ५०४ म्हणजे आतून ६० सेकंदांत उत्तर आलं नाही. प्रॉक्सी रीड टाइमआउट वाढवा, तोही फक्त हजेरीला. ५०२ दिसला तर आतला सर्व्हर बंद आहे किंवा प्रॉक्सीला तिथपर्यंत परवानगी नाही. हे तीन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा.

मुक्ताईनगरकर:
एक शंका. आता सगळं त्या एका जुन्या पीसीवर. तो बसला तर तिन्ही साइट बसल्या. पूर्वी निदान दोन तरी चालू राहायच्या.

भुसावळ_जंक्शन:
खरंय. दोन प्रॉक्सी लावून कीपअलाइव्हडीने एक सामाईक आयपी फिरता ठेवता येतो. एक पडला की दुसरा तो आयपी उचलतो, फायरवॉलचा नियम तोच राहतो. तापीकाठांच्या आकाराला तेवढं नको. कॉन्फिगचा आणि सर्टिफिकेटचा फोल्डर रोज दुसऱ्या मशीनवर कॉपी होऊ द्या आणि तसाच एक पीसी एनजिनएक्स टाकून कपाटात ठेवा. केबल बदलली की काम सुरू.

तापीकाठ:
कपाटातला पीसीही तयार करतो. ८४४३ आणि ९४४३ चे नियम आज संध्याकाळी काढतोय. डीलर आणि खरेदीदारांना नवीन पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. ज्यांच्याकडे जुना पत्ता सेव्ह आहे ते दोन दिवस फोन करतील, त्यांना हाच धागा पाठवणार नाही, नुसतं नाव सांगेन :) डीव्हीआरचं पोर्ट तर काल आबांची पोस्ट वाचल्या वाचल्याच बंद केलं. मालकांच्या फोनवर वायरगार्ड टाकून दिलंय.

शिरपूरकर:
मला आज स्टॅटिक आयपी मिळाला. वॅनला आता तोच दिसतोय, १०० वाला गेला. माझ्याकडे दोनच साइट आहेत, एक वर्डप्रेस आणि एक दूध संकलनाची. प्रॉक्सी वेगळ्या मशीनवर घेऊ की वर्डप्रेसच्याच मशीनवर?

गिरणाकाठची:
वेगळ्या. वर्डप्रेसचं प्लगइन फुटलं तर दूध संकलनाचा हिशेब त्याच मशीनमधून जायला नको.